‘द विचर ३’ : पुरवणी भागांचा क्रम
भंडाऱ्यासह झाडीपट्टीत रात्रभर रंगणाऱ्या नाटकाचा शेवटचा अंक कोणी आधी पाहत नाही. भूमिकाप्रधान संगणकीय खेळांच्या पुरवणी भागांनाही असाच क्रम असतो. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीचा ‘द विचर ३ : वाइल्ड हंट’ (२०१५) हे त्याचे ठळक उदाहरण होय. ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ (ऑक्टोबर २०१५) ही पुरवणी मुख्यतः मूळ प्रदेशातच घडते. ३२व्या पातळीच्या सुमारास, मुख्य कथा संपण्यापूर्वीही ती खेळता येते. ‘ब्लड अँड वाइन’ (मे २०१६) मात्र तुसाँ या नव्या प्रदेशात घडते. तिच्या अखेरीस नायक गेराल्टच्या घरी कोण येणार, हे मुख्य कथेतील निर्णयांवर ठरते. ती आधीच उरकल्यास त्या निर्णयांचे फलित दिसत नाही. म्हणून ती शेवटी खेळणेच इष्ट.