कलाभवनातील फाळके

गणितात उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलाच्या हातातून चित्रकलेची वही काढून घेण्याची आपल्याकडे रीतच आहे. बडोद्यात या रीतीचा विचार करताना मला कलाभवनाचे स्मरण होते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली ही संस्था स्थापन केली आणि तिची धुरा रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्यावर सोपविली. नाव कलेचे, प्रमुख रसायनाचा! त्याच साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले धुंडिराज गोविंद फाळके येथे आले. चित्र-शिल्पांच्या जोडीने त्यांनी छायाचित्रण आत्मसात केले. आणि त्या काळचे छायाचित्रण म्हणजे निम्मे रसायनशास्त्रच.

१९१२ साली फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. ठरावीक अंतराने रोपाचे एकेक चित्र घ्यावयाचे; मग ती सलग फिरविली की अंकुर डोळ्यांदेखत वर येतो. यात कल्पकता किती आणि कालगणित किती, हे मला तरी वेगळे काढता येत नाही. भांडवल देणाऱ्याचा विश्वास याच लघुपटाने मिळविला.

पुढे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. त्याची लांबी सुमारे ३७०० फूट. फुटाला १६ चित्रे, म्हणजे एकूण ५९ हजारांवर! कोऱ्या फितीच्या कडांना छिद्रे नसत. ती घरीच, अंधारात पाडावी लागत. छिद्रांतील अंतर चुकले की पडद्यावरचे चित्र थरथरणार. हे काम सरस्वतीबाई फाळके करीत. इतिहासग्रंथांत त्यांचा उल्लेख बहुधा एका ओळीत आटोपतो. मला तो फार अपुरा वाटतो.