परपुरप्रवेश: पापनाशम् परिसर आणि नवकल्पनेचा इतिहास

नवी कल्पना कवीला कशी सुचते, हा प्रश्न काव्यशास्त्राइतकाच जुना आहे. प्राचीन आलंकारिकांनी त्याचे उत्तर ‘प्रतिभा’ या एका शब्दात दिले; परंतु तेवढे देऊन ते थांबले नाहीत. मम्मटाने शक्तीच्या जोडीला निपुणता व अभ्यास यांची गणना केली. आनंदवर्धनाने तर ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात त्याहून अडचणीचा प्रश्न हाती घेतला: पूर्वसूरींनी वर्णिलेल्या वस्तूच पुन्हा वर्णावयाच्या असता मागाहून आलेल्या कवीचे नावीन्य ते कोणते? दोन काव्यांतील साम्याचे त्याने तीन प्रकार केले. एक साम्य वस्तू आणि तिचे प्रतिबिंब यांच्यासारखे, दुसरे वस्तू आणि तिचे चित्र यांच्यासारखे, आणि तिसरे एकसारख्या दिसणाऱ्या दोन देहधारी माणसांसारखे. पहिली दोन त्याने त्याज्य मानली व तिसरे ग्राह्य ठरविले. कारण चेहरा सारखा असला तरी प्रत्येक देहात आत्मा निराळा असतो. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त या तिहींमध्ये चौथ्याची भर घातली आणि त्याला परपुरप्रवेशाची उपमा दिली. पुर म्हणजे येथे देह. योग्याने स्वतःचा देह सोडून दुसऱ्याच्या देहात शिरावे, त्याप्रमाणे येथे मूळ तत्त्व एकच राहते आणि त्याचा सारा परिकर बदलून जातो.

विसाव्या शतकातील मानसशास्त्राने हाच विषय वेगळ्या परिभाषेत मांडला. ग्रॅहम वॉलस याने १९२६ मध्ये सर्जनव्यापाराच्या पूर्वतयारी, परिपाक, स्फुरण आणि पडताळा अशा चार अवस्था कल्पिल्या. आर्थर केस्लर याने १९६४ मध्ये असे प्रतिपादिले की, एरवी एकमेकांना न भेटणाऱ्या दोन विचारव्यूहांची गाठ पडते तेव्हा नवी कल्पना जन्माला येते. या दोघांचेही लक्ष मुख्यतः व्यक्तीच्या मनावर आहे. पण अशी गाठ पडण्याची संधी सर्व काळी आणि सर्व स्थळी सारखी मिळत नाही. ती कोठे मिळते, आणि मिळाल्यावर एक कल्पना फळते व दुसरी वांझ का राहते, हे इतिहासाला विचारावे लागते. या प्रश्नासाठी मराठीच्या अभ्यासकाने कावेरीच्या खोऱ्यातील पापनाशम् आणि त्याचा परिसर यांच्याकडे वळणे उपयुक्त ठरेल.

पापनाशम् हे तंजावर व कुंभकोणम् यांच्या दरम्यान वसलेले तालुक्याचे गाव. तेथील तिरुप्पालैत्तुरैच्या शिवालयाच्या आवारात नायक राजांच्या काळी बांधलेले विटांचे वर्तुळाकार धान्यकोठार आहे. ज्या भातशेतीच्या उत्पन्नावर या प्रदेशातील अग्रहारे, मंदिरे आणि विद्वत्सभा पोसल्या गेल्या, तिची साक्ष या एका वास्तूतून मिळते. याच तालुक्यात मेलत्तूर आहे. अच्युतप्प नायकाने ते दान दिले आणि पाचशे दहा ब्राह्मण कुटुंबे तेथे वसविली, असे परंपरा सांगते. त्या गावी नृसिंहजयंतीच्या सुमारास होणाऱ्या भागवतमेळ्याची नाटके आजही तेलुगूत होतात. १६७५ च्या सुमारास नायकांचे राज्य व्यंकोजी भोसल्याकडे आले. तमिळ बोलणारी प्रजा, तेलुगूत काव्य आणि संगीत रचणारे पंडित, संस्कृत शास्त्रे आणि मराठी राजकुल अशा चार प्रवाहांचा येथे संगम झाला. तो कोणी योजून घडविलेला नव्हता. राज्यांच्या उलथापालथीने तो घडला.

व्यंकोजीचा पुत्र शाहजी याने १६८४ ते १७१२ पर्यंत राज्य केले. १६९३ मध्ये त्याने तिरुविसनल्लूर हे गाव शेहेचाळीस पंडितांना अग्रहार म्हणून दिले. तो स्वतः नाटककार होता. त्याच्या ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ आदी मराठी नाटकांमुळे मराठी नाट्यलेखनाचा आरंभ विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’पूर्वी सुमारे दीडशे वर्षे मागे जातो. त्याच्या ‘पंचभाषाविलासा’त संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एकाच रंगभूमीवर येतात, निरनिराळ्या देशांच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात. ही कल्पना धाडसाची आहे, यात शंका नाही. परंतु त्या पाच भाषा तेथे शेजारी शेजारी उभ्या राहतात, एकमेकींत शिरत नाहीत. प्रत्येकीला आपली पात्रे, आपली पदे आणि आपली जागा आहे. बहुभाषिक दरबाराचे ते यथार्थ चित्र होय. आनंदवर्धनाच्या परिभाषेत त्याला आलेख्य म्हटले तर ते अन्यायाचे होऊ नये. नुसत्या सान्निध्याने नवनिर्मिती होत नाही, हा या इतिहासाचा पहिला धडा आहे.

दुसरा टप्पा सरफोजीचा. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेला हा राजा १७९८ मध्ये गादीवर आला. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला, आणि राजाच्या हाती किल्ल्यापुरती सत्ता तेवढी उरली. आपली सारी बुद्धी त्याने मग विद्येकडे वळविली. सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, शाळा काढल्या आणि देवनागरी छापखाना चालविला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या छापखान्यातून इसापाच्या कथा मराठीत ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने निघाल्या. पण सरफोजीची सर्वांत नवी कल्पना ‘देवेंद्र कुरवंजी’त आहे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. स्वारीतून जाणाऱ्या देवावर किंवा राजावर नायिका भाळते, विरहाने कृश होते. मग डोंगरातली कुरत्ती, म्हणजे भविष्य सांगणारी भटकी स्त्री, येते, आपल्या डोंगराचे आणि पाहिलेल्या देशांचे वर्णन गाते, आणि हात पाहून मनोरथ सिद्धीस जाईल असे सांगते. सरफोजीच्या मराठी कुरवंजीत ही स्त्री इंद्राणीला पृथ्वीवरची खंडे, देश आणि नगरे सांगते. म्हणजे यूरोपीय ग्रंथांतून आलेले भूगोलाचे नवे ज्ञान ती गाऊन शिकविते.

ही कल्पना कशी सुचली असेल, हे रचनेवरूनच ताडता येते. दोन असंबद्ध गोष्टी दैवयोगाने एकत्र आल्या, असे येथे झालेले नाही. कुरत्ती ही देशोदेशी हिंडलेली असते आणि हिंडलेला देश गाऊन सांगणे हा तिच्या भूमिकेचा भागच असतो. म्हणजे जुन्या प्रकारात भूगोलासाठी एक जागा आधीपासूनच होती. तीत आजवर कवी आपल्या राजाचा मुलूख आणि आपल्या देवाचा डोंगर बसवीत आले होते. ती जागा याहून मोठी आहे, हे सरफोजीने ओळखले. नवे शिकवावे कसे, ही गरज त्याच्या मनात जागी होती. कुरवंजी त्याने पुष्कळ ऐकली असली पाहिजे. त्याच्याच नावाची तमिळ ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’ बृहदीश्वराच्या मंदिरात होत असे. गरज एका परंपरेतली, रिकामी जागा दुसरीतली, आणि दोन्ही परंपरा ज्याला घरच्या आहेत असा मनुष्य, असा हा त्रिवेणी योग होता. स्फुरण अकस्मात होते असे म्हणतात. पण ते जेथे होते ती भूमी अशी आधीच नांगरलेली असते.

तथापि ही सुंदर कल्पनाही पुढे वाढली नाही. जे शिकवावयाचे ते मराठीत, आणि शिकणारा समाज बहुतांशी तमिळ, असा तिच्यात मुळातच अंतर्विरोध होता. १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीच्या मृत्यूनंतर तंजावरचे राज्य खालसा झाले आणि मराठी रचनेचा राजाश्रय संपला. शाहजीची नाटके आणि सरफोजीची कुरवंजी हस्तलिखितांच्या बस्त्यांत राहिली. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख जसा जागच्या जागी राहिला, तसेच त्यांचे झाले.

राजाश्रय संपल्यानंतर जे घडले ते या इतिहासातील सर्वांत फलदायी प्रकरण होय. तंजावरात रामदासी मठ होते आणि मराठी कीर्तन त्या प्रदेशाला पूर्वीपासून परिचित होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर यांच्यासारख्या कीर्तनकारांची कीर्तने तेथील तमिळ गायकांनी ऐकली. तमिळ कथाकथनात निरूपण होते, पांडित्य होते. परंतु गद्य आणि गाणे यांची वीण सैल होती. मराठी कीर्तनात पूर्वरंग-उत्तररंगाची बांधणी होती, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग, आर्या अशा छंदांच्या पायऱ्यांवरून कथा चढत-उतरत असे. तंजावर कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांनी ही बांधणी घेतली, तीत तमिळ, तेलुगू आणि संस्कृत पदे घातली, तिला कर्नाटक संगीताचे राग दिले, आणि चिपळ्यांचा ठेका कायम ठेवला. तमिळनाडूची हरिकथा म्हणून जी कला पुढे प्रसिद्ध झाली तिचे रूप येथे घडले. पापनाशमच्या शेजारच्या सूलमंगलमचे वैद्यनाथ भागवतर यांनी ती पुढच्या पिढीत नेली, सी. सरस्वतीबाईंनी स्त्रियांना बंद असलेले ते व्यासपीठ विसाव्या शतकाच्या आरंभी खुले केले. साकी आणि दिंडी ही नावेसुद्धा तमिळ भागवतरांनी तशीच ठेवली. भाषा मात्र पार बदलली. राजशेखराने ज्याला परपुरप्रवेश म्हटले, त्याचे याहून चांगले उदाहरण आधुनिक काळात क्वचितच मिळेल.

पुढचा दुवा पापनाशमचे नाव धारण करणाऱ्याच एका रचनाकाराचा आहे. पापनाशम् शिवन् (१८९०–१९७३) यांचा जन्म पोळगमचा व मूळ नाव रामय्या. बालपण त्रिवेंद्रमला गेले, तेथेच संस्कृत विद्या झाली. आईच्या निधनानंतर हा तरुण गावोगाव भजने गात पापनाशमच्या बाजूला येऊन राहिला. अंगभर भस्म फासून गाणाऱ्या या भक्ताला लोक ‘शिवन्’ म्हणू लागले. दक्षिणेच्या ज्या भजनपद्धतीत ते वाढले, तीत तुकोबा-नामदेवांचे अभंगही तमिळ गायक गात आले आहेत. शिवन् यांनी त्यागराजांच्या तेलुगू कृतीचा घाट घेऊन तमिळ भक्तीची नवी कीर्तने रचली. त्यांना ‘तमिळ त्यागराज’ म्हणत ते यामुळेच. पुढे ते तमिळ बोलपटाकडे गेले. १९४४ च्या ‘हरिदास’ची गीते त्यांची आहेत. हा बोलपट मद्रासच्या एका चित्रगृहात तीन दिवाळ्या पाहीपर्यंत चालला. आईबापांना छळणारा आणि अखेर त्यांच्या सेवेतच देव पाहणारा त्याचा नायक पाहताना मराठी प्रेक्षकाला पुंडलिक आठवल्याशिवाय राहत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. याला नवनिर्मिती म्हणावयाचे की नुसती उसनवारी? जो घाट महाराष्ट्रात होता तोच तंजावरात नेला, त्यागराजांचा होता तोच तमिळमध्ये आणला, यात प्रतिभेचे श्रेय किती? आक्षेपाचे उत्तर मराठी रंगभूमीच्याच इतिहासात आहे. सांगलीस आलेल्या कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ पाहूनच चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तशी नाटके रचण्यास सांगितले, आणि ‘सीतास्वयंवर’ झाले. सूत्रधार, विदूषक, गणपती आणि सरस्वती यांचा तो सारा थाट दाक्षिणात्य खेळांशी नाते सांगतो. तरीही भावे मराठी नाटकाचे जनक ठरतात, आणि ते योग्यच आहे. कारण त्यांनी तो घाट मराठी बोलणाऱ्या प्रेक्षकांपुढे नेला, गावोगाव खेळ केले, आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून नाटक उभे केले. शाहजीपाशी रचना होती, विद्वत्ता होती आणि काळाचे अग्रस्थानही होते; नव्हता तो प्रेक्षकांचा समाज. कल्पनेचे नावीन्य ती कोणाला प्रथम सुचली यावरून जितके ठरते, त्याहून अधिक ती परक्या देहात शिरून तेथे जगली की नाही यावरून ठरते. उसनवारी करणारा वस्तू परत देतो किंवा तशीच वापरतो. कृष्ण भागवतरांनी घेतलेली साकी मराठीत परत आली नाही आणि तशीही राहिली नाही.

हे मान्य केले तर साहित्येतिहासाच्या एका रूढ पद्धतीचा पुनर्विचार करणे प्राप्त होते. आपले इतिहास भाषावार लिहिले जातात. मराठी साहित्याच्या इतिहासात तंजावरचे प्रकरण येते ते बहुधा परिशिष्टाच्या नात्याने: इतकी नाटके, इतकी आख्याने, अमुक काळी रचली, मग राज्य बुडाले व परंपरा खंडित झाली. ग्रंथसूचीच्या दृष्टीने हे खरे आहे. पण कल्पनांच्या दृष्टीने पाहता परंपरा १८५५ मध्ये खंडित झाली नाही. तिने त्याच सुमारास देह बदलला. मराठीत लिहिलेले जे होते ते जतन झाले, आणि मराठीतून सुटून गेले ते वाढले. या दुसऱ्या भागाची नोंद मराठीचा इतिहासकार करीत नाही, कारण ते तमिळमध्ये आहे; तमिळचा इतिहासकारही तिला दुय्यम स्थान देतो, कारण ते बाहेरून आले आहे. परिणामी दोन्ही भाषांच्या सीमेवर जे सर्वांत जिवंत होते, तेच दोन्ही इतिहासांतून निसटते.

सरस्वती महालातील मराठी व मोडी हस्तलिखितांची संपादने होणे अगत्याचे आहे, आणि काही झालीही आहेत. त्यांच्या जोडीला तमिळ हरिकथेच्या निरूपणांतील साकी-दिंडींचा, त्यांच्या मात्रांचा, चालींचा आणि त्या कोणत्या प्रसंगी योजल्या जातात याचा मूळ मराठी आख्यानांशी तुलनात्मक अभ्यास झाला पाहिजे. मराठी छंद तमिळ शब्दकळेत शिरताना कोठे वाकला, कोठे त्याने तमिळला वाकविले, हे ओळीओळीने दाखविता येण्याजोगे आहे. नवी कल्पना सुचते म्हणजे नेमके काय होते, याचा पुरावा सहसा कवीच्या मनाबरोबर नाहीसा होतो. येथे तो छंदांत, चालींत आणि पोथ्यांत शिल्लक आहे. मात्र तो वाचण्यासाठी मराठीच्या अभ्यासकाला तमिळ आणि तमिळच्या अभ्यासकाला मराठी शिकावी लागेल.