‘टी.टी.’मधली ट्राम

दादर पूर्वेला बस आली की आजही कुणीतरी विचारतं, “टी.टी. आलं का?” चौकाचं नाव खोदादाद सर्कल, लोकांच्या तोंडी मात्र टी.टी., म्हणजेच ट्राम टर्मिनस. ट्राम जाऊन साठ वर्षं उलटली, तरी हा पत्ता तिच्याच नावावर आहे.

मुंबईत ट्राम आली ती घोड्यांच्या जिवावर. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी अशा दोन मार्गांवर ती धावू लागली. भाडं तीन आणे, पुढे दोन आणे झालं. एक किंवा दोन घोडे डबा ओढत. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून त्यांच्या डोक्यावर टोप्या असत. पण घोडा थकतो, आजारी पडतो. गाड्या वाढवायच्या तर तबेलेही वाढवावे लागतात.

यावर उत्तर सापडलं विजेत. १९०५ साली ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी’, म्हणजेच ‘बेस्ट’, स्थापन झाली. ट्राम आणि शहराचा वीजपुरवठा, दोन्ही एकाच कंपनीकडे आले. ७ मे १९०७ रोजी महापालिकेच्या इमारतीपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत विजेची पहिली ट्राम धावली. डब्याच्या टपावरचा दांडा वरच्या तारेतून वीज घेई. ती मोटर फिरवी आणि चाकांतून रुळांत उतरून माघारी जाई. म्हणजे रूळ हा गाडीचा रस्ताही होता आणि विजेची परतीची वाटही.

१९२० मध्ये दुमजली ट्राम आली. पण १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट बस सुरू झाली. बसला वाट काढता येई, वळसा घेता येई. ट्रामला रूळ सोडता येत नव्हते. १९४७ मध्ये कंपनी महापालिकेकडे आली. ‘बेस्ट’ हे नाव राहिलं, पण त्यातल्या ‘टी’चा अर्थ ट्रामवेजऐवजी ट्रान्सपोर्ट झाला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे निघालेली ट्राम शेवटची ठरली.

पायधुणीला आज कुणी पाय धूत नाही. पण पूर्वी तिथवर खाडीचं पाणी येई, हे त्या नावामुळेच आपल्याला कळतं. ट्रामची तशीच खूण या दोन अक्षरांत आहे. म्हणून दादरला उतरणाऱ्या मुलांना ‘टी.टी.’चा अर्थ आवर्जून सांगावा.