खानदेशच्या रात्री : मठ, मास्तर आणि कृत्तिका

चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, गौताळ्याच्या डोंगरांच्या कुशीत पाटण नावाचे गाव होते. आज तिथे पाटणादेवीचे देऊळ आहे, भोवती अभयारण्य आहे. गावाची पेठ मात्र केव्हाच उठली. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी इथला शिलालेख उजेडात आणला आणि १८६५ साली त्यावर लिहिले. पुढे कीलहॉर्न या जर्मन पंडिताने त्याचे साक्षेपी वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात (१८९२) दिले. त्यातून कळते ते असे : भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिले. भास्कराचार्यांचे विज्जलविड म्हणजे हेच पाटण की दुसरे कुठले, हा वाद जुना आहे. त्यात इथे शिरत नाही.

मला या लेखाचा शेवटचा भाग अधिक मोलाचा वाटतो. संस्कृत श्लोक संपतात आणि एकदम जुनी मराठी सुरू होते. पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला उघडेल त्यावरचे सरकारी देणे मठाला. सुपाऱ्यांचा अमुक वाटा मठाला. जेवढे तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकाकडून पळीभर तेल मठाला. दानाचा हिशेब ज्यांनी चुकवायचा त्या तेली-व्यापाऱ्यांना कळावा म्हणून तो त्यांच्या बोलीत कोरला, हे उघड आहे. ज्या ग्रंथात ग्रहांच्या गती मांडल्या त्याचे अध्ययन घाण्याच्या पळीवर चालले होते.

दानाची वेळही पाहण्यासारखी आहे : श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण. दगडावर शक ११२८ आहे, पण सोबत दिलेला प्रभव संवत्सर गत शक ११२९ ला येतो. संशोधकांनी ही तिथी ९ ऑगस्ट १२०७ अशी लावली आहे, आणि त्या पौर्णिमेला ग्रहण झाले होते हे आजच्या गणितानेही जुळते. श्रावणातली रात्र म्हटली की खानदेशात ढग आलेच. ग्रहण गणिताने ठरले होते एवढे नक्की; त्या रात्री मठाच्या अंगणातून ते दिसले का, याबद्दल दगड गप्प आहे.

गणित आणि डोळा यांतले हे अंतर भास्कराचार्यांना चांगले ठाऊक होते. ‘सिद्धांतशिरोमणी’त यंत्रांचा स्वतंत्र अध्याय आहे. ग्रह दाखवायला त्यांनी नलकाचा उपयोग सांगितला आहे. नलक म्हणजे निव्वळ पोकळ नळी, त्यात भिंग नाही. गणिताने ग्रहाची जागा काढायची, नळी तिकडे रोखायची आणि दुसऱ्याला म्हणायचे, बघ. ग्रह नळीत असेल तर गणित बरोबर. राजाला जे दाखवायचे ते कुणालाही दाखवता येते. पण मठांमध्ये पुढच्या शतकांत पाठांतर आणि टीका वाढल्या, नळी मागे पडली, असे माझे मत आहे.

कीलहॉर्नचे वाचन ज्या खंडात आले त्यावर १८९२ साल आहे. त्याच वर्षी मराठीत एक पुस्तक निघाले : ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’. लेखक शंकर बाळकृष्ण दीक्षित. जन्म १८५३, कोकणातल्या मुरूडचा. पदवी नाही, हुद्दा मोठा नाही. रेवदंडा, ठाणे, बार्शी असे करत करत ते धुळ्याच्या ट्रेनिंग स्कुलात मास्तर झाले आणि १८९४ च्या सुमारास पुण्याला गेले. म्हणजे हे पुस्तक निघाले तेव्हा ते खानदेशात होते. त्या वेळी खानदेश हा एकच जिल्हा होता, ठाणे धुळ्याला. पाटणही त्यातच, आमचे वरणगावही त्यातच. पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी १९०६ सालची.

पुस्तकाच्या नावातला ‘मौज’ हा शब्द आज साधा वाटतो. तेव्हा आकाश म्हणजे मुहूर्त, पत्रिका, ग्रहदशा. जोशीबुवांनी सांगायचे आणि बाकीच्यांनी दक्षिणा द्यायची, अशी वाटणी होती. एक शाळामास्तर सामान्य वाचकाला म्हणतो की रात्री बाहेर या, गंमत आहे. आणि वेळ किती, तर दोन घटका. घटका २४ मिनिटांची, म्हणजे एकूण ४८ मिनिटे. नवख्या माणसाला हे माप अगदी योग्य आहे. दिव्यातून बाहेर आल्यावर डोळे अंधाराला पुरते सरावायला अर्धा तास लागतो. आणि ४८ मिनिटांत आकाश १२ अंश फिरते, म्हणजे हालचाल नुसत्या डोळ्यांनी कळते.

मौजेच्या मागे एक भांडणही होते. केरो लक्ष्मण छत्रे (१८२४–१८८४) यांच्यापासून महाराष्ट्रात पंचांगशोधनाचा वाद पेटला होता. दीक्षित सायन पक्षाचे. सूर्य प्रत्यक्षात २१-२२ डिसेंबरला उत्तरेकडे वळतो आणि आपण संक्रांत करतो १४ जानेवारीच्या आसपास. हे तेवीस-चोवीस दिवसांचे अंतर पंचांगाने मान्य करावे, असे त्यांचे म्हणणे. पडताळायला विद्वत्ता लागत नाही. अंगणात काठी उभी करा, रोज दुपारची सर्वांत आखूड सावली मोजा. वर्षातली सर्वांत लांब मध्यान्हछाया डिसेंबरातच मिळेल. वरणगाव २१ अक्षांशावर आहे, त्यामुळे २५-२६ मेच्या मध्यान्ही इथे त्याच काठीची सावली नाहीशी होते. सायन पंचांग लोकांनी स्वीकारले नाही. सण हलवायला कोण तयार होणार! पण सावली आपले काम करत राहिली.

दीक्षितांचा मोठा ग्रंथ, भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास, १८९६ साली पुण्यात छापला गेला आणि दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीच्या आत ते वारले. त्या ग्रंथातला आणि १८९५ च्या ‘इंडियन अँटिक्वेरी’तल्या त्यांच्या टिपणातला एक मुद्दा मात्र आजही कुणाच्याही गच्चीवरून तपासता येतो. शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे की इतर नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका ढळत नाहीत. दीक्षितांनी हे वाक्य बघणाऱ्याचे वाक्य म्हणून वाचले. कृत्तिका बरोबर पूर्वबिंदूवर उगवत असतील तर त्या विषुववृत्तावर असल्या पाहिजेत. संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतो. त्यावरून हे वाक्य इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांचे ठरते. अनेक युरोपीय पंडितांना ते पटले नाही. ‘ढळत नाहीत’ याचा अर्थ इतका काटेकोर घ्यायचा का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. वाद मिटलेला नाही. पण ढळणे म्हणजे किती ढळणे, हे डोळ्यांनी पाहून मग मत बनवावे.

त्याला दिवाळीसारखा काळ नाही. पाऊस गेलेला, हवा धुतलेली, अमावास्येमुळे चंद्राची अडचण नाही. दिवाळी ऑक्टोबरात आली तर कृत्तिका साडेसातच्या आसपास उगवतात, नोव्हेंबरात आली तर साडेसहा-सातलाच. वरणगावच्या पश्चिमेला दीपनगरच्या वीजकेंद्राचा उजेड आणि त्यापलीकडे भुसावळ. आपल्याला मात्र पूर्व हवी आहे. शक्यतो गावाबाहेर, तापीकडच्या शेतात जावे. आधी ध्रुव शोधावा. तो क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतका, २१ अंश वर असतो. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते, म्हणजे सातपुड्याच्या बाजूला दोन मुठी वर. ध्रुवाकडे तोंड करून उजवा हात सरळ बाजूला पसरला की ती खरी पूर्व. तिथे बांधावर एक खूण करावी. मग कृत्तिकांचा लहानसा झुबका उगवताना खुणेपासून त्याचे अंतर मुठींनी मोजावे. उत्तरेकडे अडीच मुठी भरतील, थोडे जास्तच. गणिताने ते २६ अंशांच्या जवळ येते. जूनमध्ये पेरणीच्या दिवसांत सूर्य ज्या टोकाला उगवतो, जवळजवळ तीच ही जागा.

जमल्यास दोन घटका तिथेच थांबावे. तेवढ्यात झुबका मूठभर वर चढलेला असेल. रात्री एक-दीडच्या सुमारास, दिवाळी लवकर आली असेल तर त्याहून तासभर उशिरा, तो जवळपास डोक्यावर येतो, माथ्यापासून जेमतेम तीन अंश उत्तरेला. तोवर मृगाचे तीन तारेही पूर्वेला बरेच वर आलेले असतात.