सशाची साक्ष

१८९८ साली कार्ल त्सिमरमान या शरीररचनाशास्त्रज्ञाने माणसाच्या मूत्रपिंडातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्यात त्याला एक विचित्र गोष्ट दिसली: पेशीवर उगवलेला एकच केस. हा केस बहुधा काहीतरी ‘जाणून घेत’ असावा, असा अंदाज त्याने केला. पुढची जवळजवळ शंभर वर्षं तो अंदाज फारसा कुणी मनावर घेतला नाही.

शाळेत पॅरामेशियमची आकृती काढलेली आठवते? चपलेसारखा आकार आणि कडेने बारीक केस. ते केस म्हणजे सिलिया, आपल्या पाठ्यपुस्तकातल्या पक्ष्माभिका. त्या हलतात म्हणून पॅरामेशियम पोहतो. आपल्या श्वासनलिकेतही त्या असतात आणि कफ वर ढकलतात. मूत्रपिंडातला हा एकटा केस मात्र काही ढकलताना दिसत नव्हता. मग तो कशाला असेल? उत्क्रांतीत मागे राहिलेलं काहीतरी, असं म्हणून बहुतेकांनी विषय संपवला.

दुसरी अडचण अगदी साधी होती. तो सहज दिसायचाच नाही. लांबी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकी आणि पेशीला एकच. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी ऊतीचे इतके पातळ काप घ्यावे लागतात, की केस नेमका त्याच कापात सापडणं हा नशिबाचा भाग.

इथे अँटिबॉडी उपयोगी पडली. रोगजंतू शरीरात शिरला की आपलं रक्त त्याला ओळखून चिकटणारी प्रथिनं बनवतं, हे कोविडनंतर कुणाला सांगायला नको. हीच युक्ती प्रयोगशाळेत वापरता येते. ज्या प्रथिनाचा शोध घ्यायचा ते सशाला किंवा उंदराला टोचायचं, त्याच्या शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी घ्यायच्या, त्यांना चमकणारा रंग जोडायचा आणि पेशीवर सोडायच्या. रंग जिथे चमकेल तिथे प्रथिन. १९७५ मध्ये केंब्रिजला क्योलर आणि मिलस्टाइन यांनी तर एकाच प्रकारची अँटिबॉडी हवी तेवढी बनवत राहणाऱ्या पेशी तयार केल्या. १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं.

१९८५ मध्ये जानी पिपेर्नो आणि मार्गारेट फुलर यांनी अशीच एक अँटिबॉडी जाहीर केली. ती सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाच्या शुक्रजंतूंच्या शेपटीतल्या प्रथिनाविरुद्ध बनवली होती. सिलियाच्या कण्यात ट्यूब्युलिन नावाचं प्रथिन असतं. त्याचं एक विशिष्ट रासायनिक खूण असलेलं रूप ती ओळखते. ‘६-११बी-१’ हे तिचं नाव एखाद्या फ्लॅटच्या नंबरसारखं वाटतं, पण आजही ती जगभर विकली जाते. तिच्यामुळे साध्या फ्लुरोसेंट मायक्रोस्कोपखाली पेशीपेशीवरचा तो एकटा केस उजळून दिसू लागला.

दिसला, पण काम काय? उत्तर आलं डबक्यातून. क्लॅमिडोमोनास हे दोन शेपट्यांचं एकपेशीय हिरवं शैवाल. १९९३ मध्ये येल विद्यापीठात जोएल रोझेनबाउम यांच्या प्रयोगशाळेत कीथ कोझमिन्स्की यांना त्या शेपटीच्या आत कण वर-खाली धावताना दिसले. केस वाढतो टोकाकडून, आणि त्याच्या आत प्रथिनं बनवण्याची सोय नसते. सगळा माल पेशीतून वर न्यावा लागतो. इमारत चढत असताना वरच्या मजल्यावर सिमेंट पोचवणाऱ्या लिफ्टसारखा. या लिफ्टचा एक भाग म्हणजे आयएफटी-८८ हे प्रथिन.

आता टेनेसीतलं ओक रिज. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बसाठी युरेनियम जिथे समृद्ध केलं तेच हे गाव. तिथल्या प्रयोगशाळेत उंदरांचा एक वाण होता. त्यांच्या मूत्रपिंडात द्रवाने भरलेल्या गाठी व्हायच्या. १९९४ मध्ये त्यांचं बिघडलेलं जनुक सापडलं, पण ते नेमकं काय करतं हे कळेना. २००० साली ग्रेगरी पाझूर, जॉर्ज विटमन आणि सहकाऱ्यांनी शैवालातल्या आयएफटी-८८चं जनुक वाचलं, तर ते या उंदरांच्या जनुकाचं भावंड निघालं! ते मोडलेल्या शैवालाला शेपट्याच येत नव्हत्या आणि त्या उंदरांच्या मूत्रपिंडातले केस खुजे होते. २००२ मध्ये अँटिबॉडी लावून पाहिलं, तेव्हा माणसाच्या पॉलिसिस्टिक किडनी या आनुवंशिक आजाराशी निगडित प्रथिनंही त्याच केसावर चमकली. ज्याला निरुपयोगी ठरवलं होतं, तो बिघडला की मूत्रपिंड बिघडत होतं.

पण अँटिबॉडी ही साक्षीदार आहे, आणि साक्षीदार चुकतो. भलत्याच प्रथिनाला चिकटूनही ती तितकीच सुंदर चमकते. ६-११बी-१ सुद्धा केसाखेरीज मज्जापेशींच्या लांब तंतूंना रंगवते. शिवाय सशाच्या रक्तातून थेट काढलेल्या अँटिबॉडी म्हणजे अनेक प्रकारांचं मिश्रण. ससा बदलला की मिश्रणही बदलतं. २०१५ मध्ये शंभरहून जास्त शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मधून याविरुद्ध आवाज उठवला. भरवसा नसलेल्या अँटिबॉडींवर पैसा आणि अनेकांच्या पीएचडीची वर्षं वाया जातात, ही तक्रार मला अजिबात अतिशयोक्त वाटत नाही.

उलटतपासणीचा नेहमीचा मार्ग असा: जनुक मोडलेली पेशी घ्या, तीच अँटिबॉडी लावा, आणि चमक गेली तर साक्ष खरी. आयएफटी-८८च्या बाबतीत मात्र यात एक गंमत आहे. हे प्रथिन नसेल तर केसच उगवत नाही. मग चमक गेली ती प्रथिन गेल्यामुळे, की चमकायला केसच उरला नाही म्हणून? केसावरच्या दुसऱ्याच प्रथिनाला चिकटणारी खोटी अँटिबॉडीही या परीक्षेत पास होईल.

म्हणून नुसता फोटो पुरत नाही. पेशी विरघळवून तिची सगळी प्रथिनं आकारानुसार वेगळी करतात आणि मग त्यावर अँटिबॉडी सोडतात. याला वेस्टर्न ब्लॉट म्हणतात. केस नसला तरी त्याची इतर बरीच प्रथिनं पेशीत पडून असतातच. खोटी अँटिबॉडी त्यांना इथे चिकटते आणि पकडली जाते. निरोगी पेशीच्या रांगेत ठरल्या आकाराच्या जागी एक काळी रेघ उमटायला हवी. शेजारी, जनुक मोडलेल्या पेशीच्या रांगेत, तीच जागा कोरी.