मुलांना वयात येताना मुरूम का येतात? दोष उष्णतेचा नाही, घात करते ती मेडिकलवरची ट्यूब

बीदर : आठवी-नववीतल्या पोराच्या कपाळावर पुटकुळ्या दिसल्या की घरात निकाल ठरलेला असतो, 'अंगात उष्णता वाढली'. मग आंबा बंद, शेंगदाण्याची चटणी बंद, सब्जा-ताक सुरू. मुलगी असेल तर तोंडाला बेसन आणि लिंबू. एवढ्यानं भागलं नाही तर मेडिकलवर जाऊन 'पिंपलची ट्यूब द्या' म्हणायचं. भालकी-औरादपासून आळंदपर्यंत आणि पलीकडे उदगीर-देगलूरकडेही रीत हीच. यातला शेवटचा उपायच सगळ्यांत महागात पडतो.

मुरूम म्हणजे पुस्तकी भाषेत तारुण्यपिटिका, कन्नडमध्ये मोडवे. १२ ते २४ या वयात दहातल्या आठ-नऊ जणांना ते कमी-जास्त येतातच. रक्त खराब झाल्यानं किंवा तोंड नीट न धुतल्यानं ते येत नाहीत. वयात येताना अँड्रोजेन नावाची संप्रेरकं वाढतात, मुलांच्या शरीरात आणि मुलींच्याही. ती त्वचेतल्या तेलग्रंथींना कामाला लावतात. चेहरा, छाती, पाठ इथं या ग्रंथी जास्त, म्हणून मुरूमही तिथंच. वाढलेलं तेल आणि नीट न गळलेल्या मृत पेशी मिळून केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्राला बूच बसतं. बूच झाकलेलं राहिलं तर पांढरा दाणा, उघडं राहिलं तर काळा. हा काळेपणा मळाचा नसतो, त्यामुळं घासून जात नाही. बुचामागं साचलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जंतू वाढतात. एरवी ते प्रत्येकाच्या कातडीवर असतातच. शरीर त्यांच्याशी झुंजतं तेव्हा दाणा लाल होतो, ठणकतो, पू धरतो.

आई-वडिलांना तरुणपणी भरपूर मुरूम आले असतील तर मुलांनाही येण्याची शक्यता जास्त. हे मात्र घरात कुणी आठवून सांगत नाही.

खाण्याचं काय? तिखट-तेलकटानं मुरूम येतात याला भक्कम पुरावा नाही. साखर, मैदा, थंड पेयं यांचा संबंध त्यापेक्षा जास्त दिसतो. काहींना दुधानं आणि जिममधल्या व्हे प्रोटीन पावडरनंही त्रास वाढतो. म्हणजे चटणी बंद करून बिस्किटाचा पुडा चालू ठेवण्यात अर्थ नाही. डोक्याला चपचपीत तेल लावून झोपणाऱ्यांच्या कपाळावर केसांच्या रेषेलगत दाणे उठतात. नीटच्या तयारीसाठी बीदर, कलबुर्गी, लातूरला राहणाऱ्या मुलांची जागरणं आणि ताण यांनी असलेले मुरूम चिघळू शकतात, पण मूळ कारण तेच, संप्रेरकं.

आता ट्यूबची गोष्ट. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर मुरूम बसला तरी काळा डाग महिनोन्‌महिने राहतो, आणि घरच्यांना मुरमापेक्षा तो डाग जास्त खुपतो. गोरेपणाच्या नावानं हातात येणाऱ्या अनेक मलमांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन हे स्टेरॉइड असतं. चार दिवसांत लाली उतरते, चेहरा उजळ वाटतो, मैत्रीण मैत्रिणीला नाव सांगते. काही आठवडे-महिने लावल्यावर कातडी पातळ होते, उन्हात आग होते, बारीक लाल शिरा दिसतात, गालावर लव वाढते, आणि मुरूम उलट जास्त येतात. लावणं थांबवलं की चेहरा भडकतो, म्हणून पोरगी पुन्हा तीच ट्यूब आणते. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचून मगच पैसे द्यावेत.

साध्या मुरमांना बेन्झॉइल पेरॉक्साइड, ॲडापॅलिनसारखी मलमं दिली जातात. सुरुवातीला कातडी थोडी सुकते, सोलते, आणि फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत ट्यूब बदलणारे इथंच फसतात. तोंड दिवसातून दोनदा सौम्य साबणानं धुतलं की पुरे, घासणं आणि फोडणं नको. आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या दुसऱ्याच्या चिठ्ठीवर कधीच घेऊ नयेत. गरोदरपणात त्या बाळात गंभीर व्यंग आणू शकतात.

मोठ्या गाठी, खड्डे पडू लागले, किंवा मुलीची पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केस येत असतील तर थांबू नये. पाळीच्या तक्रारीमागं पीसीओएस असू शकतं. बीदरचं ब्रिम्स, कलबुर्गीचं जिम्स आणि लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथं त्वचारोग विभाग आहेत. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, संपलेल्या असल्या तरी, पिशवीत घालून न्याव्यात. बाहेरच्या चेहऱ्यापेक्षा डॉक्टरांना त्यावरून जास्त कळतं.