दोन मोजण्या

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या गावची मुले घमेली घेऊन माळावर जातात आणि किल्ल्यासाठी माती-मुरूम आणतात. चाकण जवळ असल्यामुळे निम्मे किल्ले संग्रामदुर्गाचेच होतात. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेला दीड महिन्याहून अधिक काळ तेथे थोपवून धरले, ही हकीकत पोरांना तोंडपाठ असते. किल्ल्याचा इतिहास असा घरोघर नांदतो. पण ज्या माळाचा मुरूम त्याला लागतो, त्या माळालाही इतिहास आहे, हे मला फार उशिरा कळले.

काही वर्षांपूर्वी गावच्या माळावर मुरुमाची खाण काढण्याचा अर्ज आला. कागदांत एक रकाना होता : 'जागेवरील वन्यप्राणी'. माझे अक्षर बरे, म्हणून सरपंच म्हणाले, "गुरुजी, एवढे तुम्ही भरा." मी चैत्रातल्या भर दुपारी माळावर एक फेरी मारली. एक टिटवी तेवढी डोक्यावर घिरट्या घालीत सारखी ओरडत होती. घरी येऊन मी लिहिले : 'नाहीत'. कादंबरीत पानेच्या पाने खर्ची घालणाऱ्या माणसाने माळाची बोळवण एका शब्दात केली!

पुढे जुनी पुस्तके चाळताना मला कळले की ही चूक माझ्या आधी सरकारनेही केली होती.

पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारला या मुलुखाची माहिती हवी होती. १८२४ साली गव्हर्नर एल्फिन्स्टनने साईक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्यास त्या कामावर नेमले. हा गृहस्थ माणसांची, पिकांची माहिती जमवता जमवता पाखरांचीही टिपणे करू लागला. १८३२ साली त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध केली. उघड्या, खडकाळ माळावर राहणाऱ्या एका तुरेवाल्या चंडोलाचे पहिले शास्त्रीय वर्णन त्याचेच. त्या पाखराच्या शास्त्रीय नावात आजही 'देवा' हा शब्द आहे.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८३५ साली, पुणे जिल्ह्यातच इंदापूरला गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीची मोजणी आरंभिली. जमिनीचा कस पाहून सारा ठरवायचा, ही त्यांची रीत पुढे मुंबई इलाखाभर पसरली. जे पिकत नाही त्यावर सारा नाही, हा न्याय रयतेच्या हिताचाच होता. पण त्यातून नापीक जमिनीच्या कपाळी 'पोटखराब' हा शब्द बसला, तो सातबाऱ्यावरून अजून पुसला गेलेला नाही.

एकाच दख्खनच्या या दोन मोजण्या. साईक्सची यादी विद्वानांच्या कपाटात गेली आणि विंगेटचे दप्तर कचेरीत राहिले. कचेरीला माळ दिसला तो दुसऱ्या दप्तरातून, म्हणजे खराबा म्हणून.

पुढे १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका, आणि कारखाने सरकत सरकत चाकणला येऊन भिडले. गोदामाचा भराव असो की रस्त्याची बाजूपट्टी, खाली मुरूम लागतोच. कायद्याने त्याला 'गौण खनिज' म्हटले. आधीच खराबा, त्यात गौण! १९९४ आणि २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनांतून पाच हेक्टरांहून लहान खाणी सुटत. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, गौण खनिजाच्या लहान खाणींनाही पर्यावरणाची मंजुरी हवी, असा आदेश दिला. साईक्सची मोजणी अशी आडमार्गाने परत आली. पण ती करायची कोणी? माझ्यासारख्याने, भर दुपारी?

यंदा शेजारच्या टेपाडासाठी दुसरा अर्ज आला, तेव्हा मी आधी गावच्या एका वृद्ध मेंढपाळाकडे गेलो. ते हसून म्हणाले, "गुरुजी, उन्हाच्या कारात तुमीतरी घराबाहेर पडता का?" मग शाळेची चार मुले आणि ते बाबा यांच्यासह मी पहाटे गेलो, तिन्हीसांजेला गेलो, पाऊस पडल्यावर पुन्हा गेलो. टिटवी ओरडते ती अंड्यांसाठी, हे बाबांनी दाखवले. चार अंडी उघड्या मुरुमात होती, आणि रंगाने इतकी मुरुमासारखी की एका मुलाचा पाय पडता पडता राहिला. मागल्या चैत्रात मी ती तुडवली तर नसतील? टेपाडाच्या पोटात खोकडाचे बीळ निघाले. आणि नवल म्हणजे पहिल्या खाणीच्या उभ्या कडेत वेड्या राघूंनी बोगदे पोखरून घरटी केली होती. खाणीने सारेच मरते असे नाही. पण विणीच्या दिवसांत त्याच कडेला यंत्र लागले तर पिलांसकट सारे ढासळते.

हे सारे मी लिहिले. खोकडाच्या बिळाचे टेपाड सोडावे, पश्चिमेकडचा उतार घ्यावा, फाल्गुनापासून पावसाच्या तोंडापर्यंत जुन्या कडेला हात लावू नये, असेही सुचवले. रकाना दोन ओळींचा होता, म्हणून सात पाने वेगळी जोडली. सरपंच म्हणाले, "गुरुजी, एवढे वाचणार कोण?" मी म्हटले, "न वाचोत. पण 'नाहीत' असे आता माझ्या अक्षरात जायला नको."

निकाल अजून लागलेला नाही. मुले काल घमेली घेऊन निघाली, तेव्हा त्यांना एवढेच सांगितले की मुरूम जुन्या खाणीतला आणा, पण कडेचा खणू नका.